भाजी मागितली, पालेभाजी मिळाली

लग्न होऊन किंवा पतीच्या नोकरीमुळे नागपूर, अमरावती, जळगाव, पुण्याहून भिलाईला राहायला येणाऱ्या मराठी गृहिणीला पहिल्या पंधरा दिवसांतच एक गोष्ट कळून चुकते. आपल्याला हिंदी येते, हा समज अर्धाच खरा होता! हिंदी सिनेमा समजणे वेगळे आणि दूधवाल्याशी हिशेब करणे, शेजारणीच्या सुखदुःखात दोन शब्द बोलणे, मुलाच्या शिक्षिकेला त्याची अडचण सांगणे वेगळे. शेजारीण विचारते, 'बच्चों की शिक्षा कैसी चल रही है?' आणि मराठी कानाला क्षणभर वाटते, मुलांनी असे काय केले की त्यांना शिक्षा व्हावी? 'डब्बा खाली है' ऐकून नजर टेबलाखाली जाते. 'चेष्टा' म्हणजे तिथे प्रयत्न, 'संसार' म्हणजे अवघे जग. मराठीत नपुंसकलिंगी असलेले दही हिंदीत पुल्लिंगी होते, पुस्तक स्त्रीलिंगी होते, आणि बोलताना प्रत्येक वाक्याला अडखळायला होते.

ही अडचण कशीबशी सावरते न सावरते तोच आणखी एक बोली कानावर पडू लागते. बाजारात खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या बायका, घरकामाला येणारी बाई, रिक्षावाला, दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेली म्हातारी हे सगळे आपापसांत जे बोलतात, ते हिंदीसारखे वाटते, पण हिंदी नसते. ती छत्तीसगढी. तिथे 'भाजी' म्हणजे फक्त पालेभाजी, मग ती लाल भाजी असो की चेच भाजी. 'कांदा' म्हणजे कंद. आपल्याला हवा असतो तो कांदा 'गोंदली' या नावाने मिळतो. वांग्याला 'भांटा' आणि टोमॅटोला 'पताल' म्हणतात. 'दाई' म्हणजे सुईण नव्हे, आई. 'ददा' म्हणजे थोरला भाऊ नव्हे, वडील. आणि भाजीवाली 'काली आहूं' म्हणाली, तर ती काल आली होती असे नव्हे, ती उद्या येणार आहे!

अशा वेळी बहुतेक जणी एक सोपा मार्ग निवडतात. कामापुरती हिंदी शिकायची आणि छत्तीसगढीकडे कानाडोळा करायचा. 'हे लोक हिंदी समजतात ना, मग झाले,' असे म्हणून विषय संपतो. पण तो खरोखर संपतो का?

रशियन शिकलेले गाव

भिलाईत परकी भाषा शिकण्याची गोष्ट नवी नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठी ही तिथली राजभाषा होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर दुर्ग जिल्हा भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात गेला होता. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले.

त्या सुरुवातीच्या वर्षांत सोव्हिएत तंत्रज्ञ आपल्या कुटुंबांसह भिलाईत राहायला आले आणि भारतीय इंजिनियर प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. यंत्रांचे नकाशे रशियन, पुस्तके रशियन, शिकवणारे रशियन. दुभाषे होते, पण तापलेल्या भट्टीसमोर उभे असताना प्रत्येक शब्दासाठी दुभाष्याची वाट पाहून चालत नाही. म्हणून संसाराला लागलेली माणसे नव्याने मुळाक्षरे गिरवू लागली.

मराठी माणसाला त्या भाषेत काही ओळखीच्या खुणाही सापडतात. दोन, तीन, चार यांना रशियनमध्ये द्वा, त्री, चेतीरे म्हणतात. भ्राता तिथे ब्रात होतो, अग्नी अगोन होतो आणि मध म्योद. मराठीतल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा भेद तिथे 'ती' आणि 'वी' असा आहे. विभक्त्या पाठ करण्याची शाळेतली सवयही अशा वेळी कामी येते. ती मैत्री पुढे गावाच्या नकाशावरही उमटली. १९७२ साली उभारलेल्या तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेचे नाव 'मैत्री बाग' असे ठेवले गेले.

म्हणजे गरज पटली आणि समोरच्या माणसाविषयी आदर असला की भाषा शिकता येते, हे या गावाने पाहिले आहे. मग ज्या मातीवर कारखाना उभा राहिला, तिची बोली शिकताना अडचण कसली?

वय आड येते का?

'लहानपणी शिकलो असतो तर जमले असते, आता या वयात काय?' हे वाक्य सर्रास ऐकू येते. यात तथ्य किती?

१९६७ साली एरिक लेनबर्ग या अमेरिकी अभ्यासकाने असे मांडले की, भाषा आत्मसात करण्याचा एक ठराविक काळ असतो आणि वयात आल्यावर तो संपतो. पण १९७८ साली नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषिक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पहिल्या काही महिन्यांत डच भाषा लवकर शिकण्यात लहान मुले मागे होती. बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि मोठी माणसे पुढे होती. मुले कालांतराने बरोबरी साधतात, उच्चारात तर पुढेही जातात. २०१८ साली सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजीवर आधारलेला एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. व्याकरण सहजपणे आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकून असते, असे त्यात आढळले.

याचा अर्थ एवढाच की, तिशी-चाळिशीत शिकणाऱ्याचा उच्चार अगदी तिथल्या माणसासारखा होईलच असे नाही, पण बोलणे समजणे आणि समजावणे यांत वय आड येत नाही. उलट मोठ्या माणसाजवळ तुलना करण्याची बुद्धी असते. हा शब्द आपल्या अमुक शब्दासारखा आहे, हे त्याला चटकन उमगते.

वेळ मात्र द्यावाच लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी भाषिकाला हिंदी, रशियन किंवा थाई नीट येण्यासाठी वर्गातले सुमारे ११०० तास लागतात, असा तिचा हिशेब आहे. मराठी माणसाला हिंदी किंवा छत्तीसगढीसाठी याचा छोटासा हिस्सा पुरेल. शब्द, विभक्त्या, वाक्याची ठेवण यांतले पुष्कळसे त्याच्या घरातच असते.

खरी अडचण वयाची नसून लाजेची असते. स्वतःच्या भाषेत जी बाई चार माणसांत ठामपणे बोलते, तिला नव्या भाषेत तीन वर्षांच्या मुलासारखे तुटक बोलावे लागते. समोरचा हसला की तोंड मिटते. लहान मूल दिवसातून पन्नास चुका करते आणि घर कौतुकाने हसते. मोठ्या माणसाला तेच हसू अपमानाचे वाटते. एवढा एक अडसर दूर केला, तर अर्धी भाषा आलीच म्हणून समजावे.

आधी कान, मग तोंड

पुस्तक वाचण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात जर्मन आणि फ्रेंच ग्रंथ वाचता यावेत म्हणून त्या भाषांचा अभ्यास केला. त्यासाठी पुस्तक आणि चिकाटी पुरते. बोलण्यासाठी मात्र माणूस लागतो आणि कान लागतो.

कान किती महत्त्वाचा, हे थाई भाषेवरून चांगले कळते. पतीच्या नोकरीमुळे बँकॉकला जाऊन राहणाऱ्या भारतीय गृहिणीला तिथे पाच सुरांची भाषा शिकावी लागते. 'मा' हा एकच उच्चार सपाट सुरात केला तर 'येणे', उंच सुरात केला तर 'घोडा' आणि खालून वर चढवत नेला तर 'कुत्रा'! आपल्याकडे सूर बदलला की राग किंवा लाडीगोडी कळते, शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे शब्द पाठ असूनही समोरच्याला काहीच कळत नाही, असा अनुभव तिथे नवख्याला येतो. थाई भाषेत संस्कृत आणि पाली शब्द पुष्कळ आहेत, पण सूर कानात बसेपर्यंत त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आणखी एक गोष्ट तिथे पहिल्या दिवसापासून शिकावी लागते. वाक्याच्या शेवटी आदरासाठी पुरुषाने 'ख्रप' आणि स्त्रीने 'खा' म्हणायचे असते. म्हणजे व्याकरणाच्याही आधी सभ्यता शिकायची.

छत्तीसगढीत सुरांची भानगड नाही. पण कान तयार करावा लागतोच. तिथे 'ळ' नाही, 'ण'च्या जागी बहुधा 'न' येतो, आणि बोलण्याचा हेल वेगळा आहे. सुरुवातीचे काही दिवस नुसते ऐकावे. बाजारात भाव करताना दुसरी बाई काय म्हणते, बसमध्ये दोघी कशा बोलतात, याकडे लक्ष द्यावे. भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या आणि भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंनी पंडवानी गायनातून महाभारताची कथा देशोदेशी पोचवली, ती याच बोलीतून. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. महाभारताची गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे शब्द नवे असले तरी भीम कुठे गरजला आणि द्रौपदी कुठे रडली, हे कळते आणि शब्द आपोआप कानात मुरतात. हबीब तन्वीर यांच्या १९७५ सालच्या 'चरणदास चोर' या नाटकानेही हीच बोली दिल्ली-मुंबईच्याच नव्हे, परदेशातल्या रंगमंचावर नेली.

मराठी माणसाला सोपी कशी?

छत्तीसगढीत 'मला' म्हणजे 'मोला' आणि 'तुला' म्हणजे 'तोला'. रामाला हा 'ला' प्रत्यय तिथेही 'ला'च आहे. हिंदीचा 'को' शिकताना जे कष्ट पडतात, ते इथे नाहीत. मराठीत आपण 'मीच', 'आईच' म्हणतो, तसा जोर देणारा 'च' छत्तीसगढीतही आहे, आणि 'दाईच' हा शब्द ऐकून मराठी माणसाला आपल्या गावाची आठवण येते. बोलणे या अर्थी तिथे 'गोठियाना' म्हणतात. आपली 'गोष्ट' त्यातून डोकावतेच.

सन १७४१ पासून छत्तीसगढात नागपूरकर भोसल्यांचा शिरकाव झाला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्या काळात कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली. हे साम्य त्या सहवासातून आले की दोन्ही भाषांच्या जुन्या नात्यातून, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. शिकणाऱ्याची मात्र सोय झाली आहे.

सर्वांत मोठा दिलासा लिंगाच्या बाबतीत आहे. हिंदीत 'लड़का जाता है, लड़की जाती है', मराठीत 'मुलगा जातो, मुलगी जाते'. छत्तीसगढीत मात्र 'टूरा जाथे, टूरी जाथे'. क्रियापद बदलतच नाही! हिंदी बोलताना 'का' म्हणावे की 'की' या विचाराने घाम फुटणाऱ्या बाईला ही बोली म्हणजे विसावाच. अनेकवचन करायला शब्दापुढे 'मन' लावले की झाले, जसे लइका म्हणजे मूल आणि लइकामन म्हणजे मुले.

थोडे जपून वापरावेत असेही शब्द आहेत. दुसऱ्याच्या मुलीला 'टूरी' म्हणण्यापेक्षा 'नोनी' आणि मुलाला 'बाबू' म्हणावे, त्यात माया आहे. बरोबरीच्या बाईला 'कइसे हस?' म्हटले तर चालते, पण वडीलधाऱ्या माणसाला 'कइसे हव?' असे विचारावे.

फक्त हुकूमच शिकायचे?

बाहेरून आलेल्या काही घरांत एक चमत्कारिक प्रकार दिसतो. वीस-पंचवीस वर्षे राहूनही घरच्या बाईला छत्तीसगढीतले आठ-दहाच शब्द येत असतात आणि ते सगळे हुकमाचे असतात. ये, जा, आण, ठेव, धू, पूस. 'तुझे घर कुठे?', 'तुला बरे वाटत नाही का?' यांसाठी एकही शब्द नसतो. भाषा किती येते, यापेक्षा कोणती वाक्ये येतात, यावरून घराची ओळख पटते.

कामाला येणारी बाई मोडक्या हिंदीत 'आज तबियत ठीक नहीं' एवढेच सांगू शकते. तिच्या बोलीत तिला सांगायचे असते की, पोट कालपासून दुखते आहे, रात्रभर झोप नाही, घरात पैसे नाहीत. 'पेट पिरावत हे' यातला 'पिरावत' म्हणजे आपली पीडाच. पण ऐकणारीला तो शब्द ठाऊक नसला तर ती म्हणते, 'हिला रोजच काहीतरी कारण असते.' एका शब्दाच्या अज्ञानाने खरे दुखणे बहाणा ठरते. नर्स, डॉक्टर, शिक्षिका, बँकेतल्या कारकून यांच्या बाबतीत तर हे आणखी गंभीर. खेड्यातली म्हातारी आपले दुखणे नेमके सांगते ते तिच्याच बोलीत. परिचारिकेने नुसते 'दाई, कहां पिरावत हे?' विचारले तरी तिच्या चेहऱ्यावरची भीती कमी होते.

'ही काय भाषा आहे? ही तर खेडवळ हिंदी!' असे म्हणणारे सुशिक्षितही आहेत. त्यांना हे ठाऊक नसते की, धमतरीचे शिक्षक हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले आणि १८९० साली जॉर्ज ग्रियर्सन यांनी ते इंग्रजीत आणले. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६२ लाख लोकांनी आपली मातृभाषा छत्तीसगढी असल्याचे सांगितले, पण त्यांची मोजणी हिंदीखाली झाली. २८ नोव्हेंबर २००७ रोजी राज्याच्या विधानसभेने तिला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले.

मराठी माणसाने तर अशी हेटाळणी करूच नये. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्यांना शहरात कोणी हसले तर आपल्याला राग येतो. तोच न्याय दुसऱ्याच्या बोलीला लावायला हवा. भिलाईच्या कारखान्यासाठी आजूबाजूच्या कितीतरी गावांनी जमिनी दिल्या. देशभरातून आलेल्या लोकांमुळे या गावाला 'छोटा भारत' म्हणतात, हे खरे. पण त्या छोट्या भारतात मूळच्या माणसालाच आपली बोली दाराबाहेर ठेवून आत यावे लागत असेल, तर ते कोणालाच शोभत नाही.

सुरुवात अशी करा

पहिले वाक्य शिकावे ते असे : 'मैं छत्तीसगढ़ी सीखत हंव.' मी शिकते आहे, एवढे कळले की समोरचा माणूस हसला तरी चेष्टेने हसत नाही. तो मदत करतो.

त्यानंतर रोज एकच विषय धरावा. सोमवारी बाजार, मंगळवारी स्वयंपाक, बुधवारी नाती. 'ये कतका के हे?' (हे केवढ्याचे आहे?) एवढे एक वाक्य दिवसभर दहा ठिकाणी वापरले तर ते आयुष्यभर विसरत नाही. स्वयंपाकघरात एक वही ठेवावी. देवनागरी लिपी आपलीच असल्याने ऐकलेला शब्द जसाच्या तसा लिहिता येतो.

बोली शिकण्यासाठी गुरू शोधायला लांब जावे लागत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईलाच रोज दहा मिनिटे चहाबरोबर शिकवायला सांगावे. फरा, चीला, ठेठरी, खुरमी कशी करतात, बासी म्हणजे पाण्यात रात्रभर ठेवलेला भात उन्हाळ्यात का खातात, हे तिच्याकडून तिच्याच शब्दांत ऐकावे. एरवी सतत ऐकून घेणारी ती बाई त्या दहा मिनिटांत शिक्षिका होते आणि मालकीण विद्यार्थिनी. मात्र तिच्या कामाच्या वेळेतून ही दहा मिनिटे वजा करावीत, वर वाढवू नयेत!

चूक झाली तर माफी मागत बसू नये, वाक्य पूर्ण करावे. समोरच्याने लगेच हिंदीत उत्तर दिले तरी आपण छत्तीसगढीत एक वाक्य आणखी बोलावे. आणि दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करून पाहुण्यांना हसवण्याचा मोह टाळावा. शिकणे आणि नक्कल करणे यांत फरक आहे, तो घरातल्या मुलांनाही लगेच कळतो.

घरातली मराठी जाईल का?

ही भीती आईवडिलांना, विशेषतः नागपूर-पुण्याच्या आजी-आजोबांना वाटते. नातू सुट्टीत येतो आणि 'आजी, मेरे को पानी दे' म्हणतो, तेव्हा त्यांचा जीव तुटतो. पण दोष नव्या भाषेचा नसतो. मराठी जाते ती घरात बोलली जात नाही म्हणून.

माधवराव सप्रे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. १८७१ साली जन्मलेल्या सप्र्यांच्या घरची भाषा मराठी. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि हिंदीतले मोठे संपादक म्हणून नाव मिळवले. पण त्यांची मराठी सुटली नाही. सुटली नाही म्हणूनच ते समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदी वाचकांपर्यंत नेऊ शकले. दोन्ही भाषांत पाय रोवून उभा असलेला माणूसच असा पूल बांधू शकतो.

घरात नियम साधा असावा. जेवणाच्या ताटावर मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी, अंगणात छत्तीसगढी. मुले गोंधळत नाहीत. कोणाशी कोणती भाषा बोलायची, हे त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. आजीला पत्र किंवा फोन मराठीतच व्हावा. आणि मुलाने अंगणातून एखादा छत्तीसगढी शब्द घरी आणला, तर त्याला दटावण्याऐवजी त्याचा अर्थ विचारावा. कित्येकदा आईचा पहिला शिक्षक तिचा मुलगाच असतो.

नोकरी संपते, कंपनीचा क्वार्टर सोडावा लागतो, काही कुटुंबे महाराष्ट्रात परततात तर काही तिथेच घर बांधतात. परत जाणाऱ्यांच्या सामानात भांडीकुंडी, फर्निचर सगळे असते. पण निरोप द्यायला कोण येते, यावरून ती माणसे तिथे नुसती राहिली की नांदली, हे ठरते. ज्या घरची बाई दारात उभ्या असलेल्या कामवालीला तिच्या बोलीत 'संसो झन कर, मैं फेर आहूं' (काळजी करू नको, मी पुन्हा येईन) असे म्हणू शकते, त्या घराने त्या गावात बरेच काही कमावले, असे खुशाल समजावे.